ओलावा जातो कुठे?

आषाढ-श्रावणात कोणत्याही मराठी घरात शिरावे, तो दमट कपड्यांचा आंबूस वास यजमानांच्या आधी सामोरा येतो. कोकणातील कौलारू घरांत यावर एक ठरलेला उपाय असे. स्वयंपाकघरात आढ्याखाली दांड्या टांगलेल्या असत. ओले लुगडे किंवा धोतर काठीने उचलून त्यांवर पसरावयाचे, आणि खाली चूल धगधगत असे. घरात बाळंतीण असली म्हणजे शेगडीतील निखाऱ्यांवर वेताची टोपली उपडी घालीत व तिच्यावर बाळाची दुपटी आणि लंगोट पसरीत. कपड्यांना धुराचा वास लागे, पण ते वाळत. का वाळत, असे कोणास विचारले असते, तर 'उबेने' असेच उत्तर मिळाले असते. ते उत्तर अर्धेच बरोबर होते. उरलेले अर्धे उत्तर डोक्यावरच्या कौलांच्या फटींत दडलेले होते. त्या फटींतून जसा धूर निघून जाई, तशीच कपड्यांतून सुटलेली वाफही निघून जाई.

कपडे वाळविण्याचे यंत्र घरात आले तेव्हा चुलीची जागा विजेच्या हीटरने घेतली. कौलांतील फटीची जागा मात्र पुष्कळ घरांत कोणीच घेतली नाही. 'ड्रायर चालतो, पण कपडे वाळत नाहीत' ही तक्रार घेऊन जे जे लोक दुरुस्तीवाल्याकडे जातात, त्यांपैकी कित्येकांच्या अडचणीचे मूळ एवढ्यातच सापडते.

परंतु त्याआधी 'ड्रायर' या शब्दाचाच थोडा उलगडा केला पाहिजे. कारण आपल्याकडे या एका नावाने दोन अगदी वेगळी यंत्रे ओळखली जातात. अर्धस्वयंचलित धुलाईयंत्राला दोन टोपल्या असतात. त्यांतील दुसरीला घरोघर 'ड्रायर' म्हणतात. वस्तुतः ती काही वाळवीत नाही, ती पिळते. वेगाने फिरून कपड्यांतील पाणी बाहेर फेकणे एवढेच तिचे काम, आणि तिच्यातून निघालेला सदरा दमट असला तर तो तिचा दोष नव्हे. दमट नव्हे, तर चांगला ओलाच निघू लागला, तर मात्र कारणे शोधावीत, आणि ती बहुधा साधी असतात. कपडे एका बाजूस गोळा होऊन टोपली डगमगते व पुरता वेग घेत नाही. कपड्यांवर दाबून बसवावयाची प्लॅस्टिकची चकती हरवलेली असते. पाणी सोडण्याची नळी उंच ठेवल्यामुळे पाणी मागेच तुंबते. किंवा ब्रेक पूर्णपणे न सुटल्यामुळे टोपली रखडत फिरते. यांपैकी पहिल्या तिन्हींस दुरुस्तीवाल्याची गरज नाही.

खरा ड्रायर तो, ज्यात गरम हवेच्या झोतात कपडे उलटेपालटे होत असतात. त्याची कहाणी समजण्यासाठी मुंबईच्या उपनगरातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. आठवा-नववा मजला. चार फूट रुंद आणि आठ फूट लांब गॅलरी सरकत्या काचा लावून बंद केलेली. घरात दोन महिन्यांची नात; म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर मुलाने हौसेने ड्रायर आणून त्या गॅलरीत बसविला आहे. यंत्राच्या पाठीमागून निघणारी जाड, चुणीदार नळी तिथेच भिंतीशी मोकळी सोडलेली आहे. पहिल्या दोन-चार दिवसांत दुपटी छान वाळतात. पुढे पाऊस झड धरून बसतो, काचा बंद होतात, आणि तासाभरात होणारे काम दोन तास झाले तरी पुरे होत नाही. मेकॅनिक येतो. यंत्र चालू करून पाहतो आणि निकाल देतो, "साहेब, हीटर वीक झालाय." नवा हीटर बसतो. पैसे दिले जातात. दुपटी पूर्वीइतकीच ओली राहतात.

अशा वेळी घरातील माणसे वस्तूवर, विकणाऱ्यावर आणि दुरुस्तीवाल्यावर क्रमाक्रमाने रागावतात. त्या रागात थोडा वेळ थांबून एक हिशेब मांडावयास हवा.

चार किलो कोरडे सुती कपडे धुतले आणि यंत्राने मिनिटास ८०० फेऱ्यांच्या वेगाने पिळले, तर त्यांत सुमारे पावणेतीन लिटर पाणी उरते. तेच १४०० फेऱ्यांच्या वेगाने पिळले तर दोन लिटरच्या आसपास. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास निसर्गनियमाने विजेचे सुमारे दोन तृतीयांश युनिट लागते. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, नुसत्या उष्णतेच्या बळावर त्याहून कमीत ते होणार नाही. म्हणजे कपडे नीट न पिळता ड्रायरमध्ये टाकले, की अर्धे युनिट वीज आणि पंधरा-वीस मिनिटे उगाच जातात. ड्रायरच्या कित्येक तक्रारी अशा रीतीने धुलाईयंत्रातच जन्म घेतात.

वाफ झाली तरी काम संपले नाही, आणि नेमकी हीच पायरी लोक विसरतात. ती वाफ धरून नेण्यास हवा लागते, आणि हवेची धारणशक्ती तपमानावर अवलंबून असते. २० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने धरते, ३० अंशांना ३० ग्रॅम, ४५ अंशांना सुमारे ६५ ग्रॅम, आणि ६० अंशांना तब्बल १३० ग्रॅम. हीटरचे एक काम पाण्याची वाफ करणे, आणि दुसरे म्हणजे हवेची ही पिशवी मोठी करणे. पण पिशवी भरली की ती बाहेर नेऊन रिकामी करावी लागते. मुंबईची पावसाळी हवा मुळातच घनमीटरमागे पंचवीस ग्रॅम ओलावा घेऊन यंत्रात शिरते. ती ४५ अंशांना पूर्ण भरून बाहेर पडली असे धरले, तरी तिच्या पदरात नवे चाळीस ग्रॅमच पडतात. दोन लिटर पाणी न्यावयाचे तर अगदी आदर्श कामगिरीतही पन्नास घनमीटर हवा हवी. प्रत्यक्षात याच्या काही पट लागते. आणि त्या बंद गॅलरीत हवा किती? फार तर आठ घनमीटर. तीच हवा नळीतून बाहेर पडते, पुन्हा यंत्रात शिरते, आणि प्रत्येक फेरीत अधिक ओली होते. काही वेळाने ती कपड्यांतून जेवढे पाणी उचलते, तेवढेच परत आणून सोडते. नवा हीटर घालून यात काय फरक पडणार? कचेरीत कागद तुंबले म्हणून कारकून वाढवीत जावे आणि जावक खिडकी मात्र बंद ठेवावी, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून दोष शोधताना आगीपासून आरंभ करू नये, वाऱ्यापासून करावा. बाहेर हवा सोडणाऱ्या ड्रायरची नाडी त्याच्या नळीच्या तोंडाशी असते. यंत्र पाच-दहा मिनिटे चालू द्यावे आणि त्या तोंडाशी हात धरावा. झोत जोराचा व गरम असेल, तर यंत्र बहुतांशी निरोगी आहे. अडचण भरलेल्या कपड्यांची किंवा खोलीची आहे. झोत जोराचा पण गार असेल, तर हीटर, त्याचे थर्मोस्टॅट किंवा वीज यांकडे पाहावे. आणि झोत मंद असेल, यंत्राचे अंग मात्र नेहमीपेक्षा अधिक तापलेले असेल, तर वाट तुंबली आहे. या तीन उत्तरांत सारे निदान आले असे नव्हे. पण कोणता दरवाजा ठोठवावयाचा ते तरी कळते.

वाट तुंबते ती कपड्यांच्या तुसाने. प्रत्येक फेरीत सूत झिजते, त्याचा मऊ भुगा होतो, आणि तो जाळीवर नमद्यासारखा थापून बसतो. ही जाळी दर खेपेस साफ करावयाची असते. 'दर आठवड्यास' नव्हे, दर खेपेस. तरीही एक गंमत होते. जाळी डोळ्यांना स्वच्छ दिसते आणि तरी हवा अडविते. कपडे मऊ व सुवासिक व्हावेत म्हणून धुण्यात जे द्रव्य घालतात, त्याचा मेणासारखा पापुद्रा जाळीच्या छिद्रांवर चढलेला असतो. त्याची परीक्षा अगदी सोपी आहे. जाळी नळाखाली धरून तिच्यावर पाणी ओतावे. पाणी सरळ खाली गेले तर ठीक. थेंब वरच थबकून राहिले तर समजावे की जेथून पाणी जात नाही तेथून हवाही जात नाही. साबण आणि जुना दात घासण्याचा ब्रश घेऊन जाळी धुवावी, वाळवावी, मग बसवावी.

जाळीनंतर नळी. यंत्र भिंतीशी सरकविताना ती चेपते, आणि चेपलेल्या जागी तूस साठते. अमेरिकेत, जेथे हे यंत्र घराघरात आहे, बांधकामाच्या प्रचलित आदर्श नियमांत चार इंच व्यासाची गुळगुळीत धातूची नळी सांगितलेली आहे. तिची लांबी सर्वसाधारणपणे ३५ फुटांपुढे जाऊ नये, आणि प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातून पाच फूट वजा करावेत, असा दंडक आहे. वळण म्हणजे पाच फूट, हे प्रमाण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण आपल्याकडे नळी खिडकीपर्यंत नेताना तीन-चार वळणे सहज पडतात. बाहेरच्या तोंडावर बारीक जाळी लावू नये, असेही तो नियम सांगतो. पाखरे येऊ नयेत म्हणून सद्हेतूने लावलेली जाळी महिन्या-दोन महिन्यांत तुसाने लिंपली जाते. वाऱ्याने उघडणारी आणि यंत्र थांबल्यावर आपोआप मिटणारी झडप तेथे असावी, आणि ती खरोखरच उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे.

नळी सोडवून थोडा वेळ यंत्र चालवून पाहणे हीसुद्धा एक चांगली कसोटी आहे. त्या खेपेस कपडे चटकन वाळले तर दोष नळीत, हे सिद्धच झाले. मात्र हा प्रयोग विजेच्या ड्रायरवरच करावा. परदेशात गॅसवर चालणारे ड्रायर पुष्कळ आहेत. त्यांच्या नळीतून जळलेल्या गॅसचा विषारी अंशही बाहेर पडत असतो, आणि तो घरात सोडणे म्हणजे प्राणाशी खेळ होय.

झोत गार असेल तेव्हाही घाईने हीटरला दोषी ठरवू नये. हीटरच्या जवळ एक लहानसा थर्मल फ्यूज असतो. यंत्र मर्यादेबाहेर तापले की तो स्वतः तुटून यंत्राला वाचवितो, आणि एकदा तुटला की पुन्हा सांधत नाही. तो बदलला की यंत्र पूर्ववत तापते आणि घरचे लोक निश्चिंत होतात. पण तो तुटला का, हे कोणी विचारीत नाही. वाट तुंबलेली तशीच राहिली तर नवा फ्यूजही त्याच वाटेने जातो. अमेरिकेतील मराठी कुटुंबांना आणखी एक चकवा भेटतो. तिथे ड्रायरच्या हीटरला २४० व्होल्टची वीज दोन तारांतून मिळते, मोटर मात्र बहुधा त्यांतील एकाच तारेच्या १२० व्होल्टवर चालते. दोनांपैकी एक तार खंडित झाली, की पिंप थाटात फिरते आणि उष्णतेचा पत्ता नसतो. आपल्या २३० व्होल्टच्या एकेरी पुरवठ्यात हा चकवा नाही; आपल्याकडे दाब उतरतो. हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर ती जवळजवळ चतुर्थांशाने कमी होते, आणि संध्याकाळचे कपडे दुपारच्यापेक्षा उशिरा वाळतात.

काही यंत्रे ओलावा स्वतः ओळखून थांबतात. पिंपाच्या तोंडाशी धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओला कपडा दोहोंना एकदम लागला की त्यांच्यातून सूक्ष्म वीज वाहते. याही पट्ट्यांवर त्याच सुवासिक द्रव्याचा पापुद्रा चढतो. मग कपडे ओले असताना यंत्राला ते कोरडे भासतात, आणि ते वेळेआधीच समाधानाने थांबते. विनेगरमध्ये भिजविलेल्या फडक्याने पट्ट्या पुसल्या की भ्रम दूर होतो. अगदी मोजके दोन-तीन कपडे टाकले तरी हाच घोटाळा होतो, कारण ते पट्ट्यांना पुरेसे लागतच नाहीत. चादरीचा प्रकार निराळा. ती स्वतःभोवती गुंडाळत जाते, इतर कपड्यांना पोटात घेते, आणि वरून खरपूस, आतून ओली अशी बाहेर येते. मध्येच यंत्र थांबवून ती झटकून पुन्हा टाकणे, याहून अन्य उपाय नाही.

ज्या यंत्रांना नळीच नसते ती वाफेचे पुन्हा पाणी करून टाकीत साठवितात. यांत टाकी भरणे, कंडेन्सरच्या फटी तुसाने बुजणे, हे नेहमीचे दोष. हीट पंपावर चालणारी यंत्रे त्यांतल्या त्यात काटकसरी, पण मंद आचेची. दोन-तीन तास लागले म्हणून त्यांना नादुरुस्त म्हणू नये. धुणे आणि वाळविणे एकाच पिंपात करणारी यंत्रे आता शहरांत दिसतात. त्यांच्या दारावर आठ किलो लिहिलेले असते, ते धुण्याचे. वाळविण्याचे प्रमाण पाच किलोच्या घरात असते, आणि ते पुस्तिकेत आतल्या पानावर छापलेले असते. आठ किलो धुऊन ते आठही किलो आत तसेच ठेवले, तर कपड्यांना उलटण्यास जागाच उरत नाही. शिवाय यांतील पुष्कळ यंत्रे वाफ थंड करण्यासाठी नळाचे गार पाणी वापरतात. ज्या इमारतींत पाणी ठराविक वेळीच येते, तेथे धुणे पुरे झाल्यावर नळ बंद केला जातो, आणि वाळविणारे यंत्र पाण्यावाचून अडते, ही विसंगती भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही.

आतापर्यंतच्या गोष्टी पैशाच्या आणि गैरसोयीच्या झाल्या. एक गोष्ट त्यापलीकडची आहे. तूस हे अतिशय ज्वालाग्राही असते. अमेरिकेच्या अग्निप्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा आढावा घेतला, तेव्हा ड्रायरपासून घरांना लागणाऱ्या आगींचा अंदाज वर्षास सरासरी २,९०० इतका निघाला. त्यांत दरसाल पाच माणसे दगावत आणि सुमारे शंभर जखमी होत. कारणांत सर्वांत पुढे होते ते यंत्र साफ न करणे: ३४ टक्के. म्हणजे जो ड्रायर कपडे वाळविण्यास उशीर लावू लागतो, तो कित्येकदा पुढील संकटाची वर्दीच देत असतो. आपल्या घरांत याला तेलाचीही जोड मिळते. बाळाला तेल लावून पुसलेली फडकी आणि दिवाळीच्या अभ्यंगानंतरचे टॉवेल धुतल्यावरही थोडेबहुत तेलकट राहतात. वनस्पतिज तेले हवेतील प्राणवायूशी संयोग पावताना उष्णता सोडतात, आणि ऊन कपड्यांच्या ढिगाच्या पोटात ती कोंडून वाढत जाऊ शकते. अशी फडकी ड्रायरमध्ये मुळीच घालू नयेत, दोरीवरच वाळवावीत. ज्या घरात तान्हे मूल आहे त्या घरात ड्रायर येतो, आणि त्याच घरात तेलाची फडकी सर्वांत अधिक असतात, म्हणून हे मुद्दाम सांगावयाचे.

उपनगरातील त्या घरात यांपैकी काहीच कोणास ठाऊक नसते. गाठ सुटते ती निराळ्याच बाजूने. एके दिवशी सासूबाई स्वयंपाकघरातून तक्रार करू लागतात.

"अगं, ही काडेपेटी बघ. एक काडी पेटेल तर शपथ. मिठाला पाणी सुटलंय, आणि डब्यातले पापड चामड्यासारखे झालेत."

"पाऊस आहे ना आई, होणारच," सून म्हणते.

"पाऊस काय आजचा आहे? इतकी वर्षं या घरात पावसाळे काढले. मिठाला पाणी सुटलंय ते हे यंत्र आणल्यापासून!"

त्यांचा रोष यंत्रावर असतो. निदान करण्याचा त्यांचा हेतू नसतो. पण मुलगा गॅलरीचे दार उघडतो, तो आतून ऊन, जड हवेचा लोट अंगावर येतो. काचा आतल्या बाजूने घामेजलेल्या, त्यांवरून पाण्याचे ओघळ, खाली फरशीवर थारोळे. दुपट्यांतून निघालेले पाणी कोठे गेले, हे तेथे स्पष्टच दिसत असते. काही काचेवर, काही मिठात, आणि उरलेले परत दुपट्यांत.

पुढील रविवारी गॅलरीच्या एका तावदानातील काच काढून तेथे गोल भोक पाडलेला पत्रा बसतो. चेपलेली नळी बदलून तिच्या जागी आखूड आणि सरळ नळी येते, तिचे तोंड बाहेर निघते, आणि समोरची काच चार बोटे उघडी राहते, कारण हवा बाहेर टाकावयाची तर तेवढीच आत यावयास हवी. त्या दिवशीची दुपटी तासाभराच्या आत वाळतात. सासूबाई एक दुपटे गालाला लावून पाहतात. ते कोरडे ठणठणीत असते, पण त्याला धुपाचा वास नाही, एवढी एक उणीव त्या काढतातच. मेकॅनिकने काढून दिलेला जुना हीटर माळ्यावर पडून असतो. विजेचे काम जाणणारा एक शेजारी सहज म्हणून तो मापकावर तपासून पाहतो, तेव्हा तो धडधाकट निघतो.